केसरबाईंची नथ

दिघी, १७ जून १९५७

चंदर तांडेल यांस,

रतनच्या नाकातून रक्त येतं असं कळलं. फार बरं वाटलं. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे ठमीने जुनी माया आठवून पत्र धाडलं असा तुमचा गैरसमज व्हायला नको.

बातमी गोदूने आणली. सुकी मासळी घेऊन ती तुमच्या श्रीवर्धनच्या बंदरावरून इकडे येते तेव्हा माझ्या आईच्याच ओटीवर टेकते. तुमच्या नव्या बायकोला पाचवा महिना लागलाय, डाव्या नाकपुडीतून आधी थेंब थेंब यायचं, आता पदर भिजतो, आत लाल मांसासारखं काहीतरी दिसतं, असं सगळं तिने सांगितलं. मी जवळा निवडत होते. हात थांबला नाही, पण हसू आलं ते गोदूने पाहिलं. पाहू दे. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

हे पत्र तुम्हाला स्वतःच वाचावं लागेल. अक्षरं जुळवत, अडखळत वाचाल, मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतलंत तर दिवेलागणीच्या आत अख्ख्या कोळीवाड्याला कळेल. लग्न झालं तेव्हा आमची सून चौथी शिकलीय म्हणून तुमची आई मिरवत असे. ते शिक्षण आता कामी येतंय.

तीन वर्षांमागची नारळी पौर्णिमा तुम्ही विसरला असाल, म्हणून आठवण देते. मलाही तेव्हा पाचवाच महिना होता. मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेला, हळदकुंकू लावायला घरच्या सुनेने वाकायचं, ही तुमच्या घरची रीत. मी वाकले आणि नाकातून रक्ताची धार लागली, ती नारळावर पडली आणि तिथून नाळेवर ओघळली. वाजंत्री थांबली. तुमची आई केसरबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या नाकातना पाप गळतंय." तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि मग पाण्याकडे पाहत राहिलात.

त्यावर बाबाजी वैद्याने आपलं शहाणपण पाजळलं. नाकात डोकावला आणि उठता उठता गरमीचा रोग ठरवून मोकळा झाला. बाहेरख्यालीपणाने होते ती गरमी. ती मला असती तर तुम्हालाही व्हायला हवी होती, एवढी साधी गोष्ट गावात कोणाच्या डोक्यात आली नाही. तुमच्या तरी यायला हवी होती. तुम्ही पंचांसमोर उभे राहून म्हणालात, "मला ही नको. पोटातलं माझं न्हाय." पंचांनी काडीमोड दिला. धक्क्यावर तुमच्या आईने माझ्या नाकातली तुमच्या घराण्याची नथ ओढून काढून घेतली आणि रक्त पुसायला साधं फडकंही दिलं नाही.

आता ऐका. रतनला काय झालंय ते मला ठाऊक आहे. ते कशाने होतं आणि कशाने जातं तेही ठाऊक आहे. मी सांगेन. पण त्याआधी येत्या नारळी पौर्णिमेला, त्याच मचव्याच्या नाळेजवळ, त्याच पंचांसमोर तुम्ही म्हणायचं की ठमीवर घेतलेला आळ खोटा होता आणि कोकिळा तुमचीच मुलगी आहे. यापलीकडे मला तुमच्याकडून काही नको. तुमचं घर नको, तुम्ही तर नकोच.

कोकिळा अडीच वर्षांची झाली. खेळताना मोठी पोरं तिला बापाचं नाव विचारतात, घरून शिकवून पाठवलेली असतात. ती मला विचारते. मी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.

ठमी


दिघी, ९ जुलै १९५७

चंदर तांडेल यांस,

तुमचं कार्ड मिळालं. माझ्याआधी ते पोस्टमनने वाचलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. "झालं गेलं विसर, औषध काय ते कळव, पोटुशी बाईचा प्रश्न आहे." पोटुशी बाईचा प्रश्न असतो हे तुम्हाला तीन वर्षांनी कळलं, हेही नसे थोडके. मी पोटुशी होते तेव्हा तुम्ही मला भर पावसात चालतं केलंत.

विसरायचं काय ते तरी नीट सांगा. म्हसळ्याच्या गाडीत बायका माझ्या शेजारून उठून मागे जाऊन बसल्या ते विसरू? का माझी आई, वेणूबाई, जिने आयुष्यात मुंबई पाहिली नव्हती, ती माझा हात धरून तिथल्या मोठ्या दवाखान्यात दारोदार विचारत फिरली ते विसरू?

तिथल्या नाकाकानाच्या डॉक्टरांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या कपाळाला गोल आरसा बांधलेला होता. त्याने उजेड आत पाडून नाकपुडी रुंदावून पाहिली. मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं की महारोग म्हणाले तर मला इथेच सोडून जा. डॉक्टरांनी गालाला, हाताला कापूस लावून विचारलं, कळतंय का. कळत होतं. गरमीसाठी रक्त काढून तपासायला दिलं. त्याचा निकाल यायचा होता तोवर मी देवाचं नाव घेतलं नाही, तुमचं घेतलं, आणि ते कशासाठी ते तुम्ही ओळखा. रक्त चोख निघालं. आईने डॉक्टरांकडून ते दोनदा वदवून घेतलं आणि मग पायरीवर बसून रडली.

नाकात गाठ होती. मधल्या पडद्यावर देठाने चिकटलेली, पिकल्या करवंदाएवढी, लालभडक. सळईचं बोथट टोक नुसतं टेकवलं तरी भळभळली. डॉक्टर म्हणाले, ही बारीक रक्तवाहिन्यांचीच बनलेली साधी गाठ आहे असं दिसतं. पोटुशेपणी अंगातलं रक्त फुलतं तशी हीही फुलते, पुष्कळदा बाळंतपणानंतर आपोआप आक्रसते. पण माझं रक्त इतकं जात होतं की थांबणं धोक्याचं होतं. त्यांनी औषधात भिजवलेला कापूस भरून नाक बधिर केलं, तारेच्या फासात गाठ देठापासून घेतली आणि देठाची जागा विजेच्या तापल्या तारेने डागली. मूळ राहिलं तर पुन्हा उगवते म्हणाले. काढलेली गाठ काचेखाली तपासून घेतली. कॅन्सर नाही, काही नाही. जळल्याचा वास मात्र मला अजून कधी कधी येतो.

एवढं मी तुम्हाला फुकट सांगितलं, कारण गोदू म्हणाली बाबाजी रतनची गाठ दोरा बांधून पाडणार आहे. मूळव्याधीसारखा मोड समजतोय तो. त्याला हात लावू देऊ नका. ओढली तर रक्त आवरणार नाही आणि तुमच्या ओटीवर मढं पडेल. मला तुमचं वाटोळं बघायचंय. तिचं नाही.

पण गाठ आली कशाने, ते सांगणार नाही. ते समजलं नाही तर काढूनही पुन्हा येईल. ती वस्तू तुमच्या घरात आहे, रोज तुमच्या डोळ्यांसमोर असते. पौर्णिमा लांब नाही. तोंड उघडा, मग मीही उघडते.

ठमी


दिघी, १४ ऑगस्ट १९५७

चंदर,

आजपासून तुला अरेतुरे. मचव्याचा तांडेल म्हणून मान देत होते, तो आता धक्क्यावर कोणी देत असेल तर घे.

रतन माझ्या दारात उभी राहिली. तोंडाला पदराचा बोळा लावलेला, तो काळा पडून कडक झालेला. सातव्या महिन्याचं पोट. तिला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, आणि तिने नाव सांगायची गरज पडली नाही. मला वाटलं होतं हिला अशा हालात पाहून माझा जीव थंड होईल. झालाही, पण पाणी आणायला आत गेले तेवढाच वेळ.

तुझ्या पौर्णिमेची हकीकत तिने सांगितली. नाळेला हळदकुंकू लावायला सून का आली नाही असं पंचांतल्या गुणाजी पाटलांनी विचारलं. कोणीतरी तिच्या पदराकडे बोट दाखवलं. गर्दीत कुजबूज सुरू झाली, पहिलीसारखंच हिचं पण. तेव्हा तू बोलायचं होतंस. माझी दोन पत्रं तुझ्या पोटात होती, गरमी नाही, पाप नाही, साधी गाठ आहे, सगळं तुला ठाऊक होतं. एक वाक्य बोलला असतास तर रतन वाचली असती आणि मीही सुटले असते. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे तीन वर्षांपूर्वी आपण चुकलो हे कबूल करावं लागणार. म्हणून तू काय म्हणालास? "माझ्या नशिबालाच अशा बायका."

एक बायको खोटी ठरवलीस ती अडाणीपणाने, असं मी मनाला समजावलं असतं. दुसरी खोटी ठरवलीस ती सगळं माहीत असताना. स्वतःची मान ताठ राहावी म्हणून तू पोटुशी बाई घराबाहेर काढलीस, एकदा नाही, दोनदा. मला इतका राग माझ्यासाठीही कधी आला नव्हता.

रतनला आईबाप नाहीत, मामा आहे, आणि त्याने दार उघडलं नाही. मग ती गोदूला विचारत माझ्याकडे आली. म्हणाली, "तुमचं पत्र त्यांनी चुलीत घातलं ता मी बघितलं. मला वाचाया येत न्हाय, पण जे जाळतात त्यात माझ्या कामाचं कायतरी असनार, येवढं कळतं. तुमास जिथं बरं केलं तिथं मला पन न्या."

बघ, तुझ्याहून शहाणी निघाली.

आणि मग मला ती दिसली. नथ. केसरबाई ओढायला धावली होती, रतनने हात झटकला आणि तशीच चालू लागली. पहिलं मूल पाळण्यात पडेपर्यंत नथ उतरवायची नाही, ही तुमच्या घरची दुसरी रीत. रात्री नाही, आंघोळीला नाही, ताप आला तरी नाही. माझ्या नाकात ती घातली तेव्हा तुझी आई चिमटा घेऊन बसली होती आणि तारेचं टोक आत वळवून दाबत म्हणाली होती, "पाटी धुवाया वाकशील तवा पान्यात पडंल. घट्ट असूं दे." माशांच्या पाटीवर दिवसभर वाकायचं, नथ खाडीत गेली तर घराण्याची अब्रू गेली, हे खरंच. पण ते टोक आत मधल्या पडद्याला लागायचं. वाकलं की टोचायचं, शिंकरलं की खरवडायचं. मी एकदा सांगितलं होतं. नव्या सुनेला नथ जडच वाटते, म्हणाली.

मुंबईच्या डॉक्टरांनी गाठ काढल्यावर मला विचारलं होतं, इथे बरोबर समोर काही टोचत होतं का? तेव्हा माझं नाक रिकामं होतं, पण भोक होतं. मी त्यांना नथीचं सांगितलं. ते म्हणाले, रोजची जखम आणि त्यात पोटुशेपण, असंच होतं पुष्कळदा, नथ पुन्हा घालू नकोस. म्हणजे नाळेवर गळलं ते माझं पाप नव्हतं. तुझ्या आईच्या चिमट्याचं काम होतं. आणि तीच नथ, तेच टोक तसंच ठेवून, तिने दुसरीच्या नाकात घातली.

हे मी जूनमध्येच लिहायला हवं होतं, तुला नाही, तिला. त्याबद्दल मला जे बोलायचं ते मी रतनशी बोलले आहे. तुझ्याशी बोलणार नाही.

नथ मी माझ्या हाताने काढली. तेल लावून, तार सरळ करून, हळूहळू. तिने माझं मनगट धरून ठेवलं. उद्या आम्ही म्हसळ्यावरून मुंबईला निघतो. गाडीत कोणी उठून मागे गेलं तर जाऊ दे, आम्हाला ऐसपैस जागा होईल.

ठमी


दिघी, ५ नोव्हेंबर १९५७

चंदर,

तुझा निरोप गोदूने दिला. दोघींनी परत यावं, दोघींना नांदवतो, म्हणालास म्हणे. उत्तर शेवटी देते. आधी तुझ्यामागे काय झालं ते वाच. आम्ही तुमच्या बंदराला उतरणार हे कळल्यावर तू मचवा घेऊन निघून गेलास, तेव्हा गावाने तुला अर्धवटच सांगितलं असणार.

रतनची गाठ माझ्यापेक्षा मोठी होती. डॉक्टर आधी म्हणाले नथ निघाली आहे, बाळंतपणापर्यंत थांबून पाहू. नाकात औषधाची पट्टी भरून ठेवली. पण पट्टी काढताना इतकं रक्त गेलं की त्यांनी मत बदललं. माझ्यासारखंच केलं, फास घातला, देठाची जागा डागली, गाठ तपासायला धाडली. साधीच निघाली. तिचंही रक्त तपासलं. चोख आहे, म्हणजे तुझंही चोख असावं, अभिनंदन.

सप्टेंबरात आगबोटी सुरू झाल्यावर आम्ही परत निघालो आणि दिघीला न उतरता तशाच श्रीवर्धनला आलो. माझी आई कोकिळेला घेऊन आधीच येऊन थांबली होती. लिलाव चालू होता, सगळा कोळीवाडा धक्क्यावर. मी गुणाजी पाटलांना म्हटलं, तुम्ही पंच, तुम्ही काडीमोड दिलात, आता ऐकून घ्या. त्यांनी लिलाव थांबवला. मी गाठीचं सांगितलं, रक्त तपासल्याचं सांगितलं. लोक ऐकत होते, पण मुंबईच्या डॉक्टरचं काय, असं तोंडावर दिसत होतं. तुझी आई तर म्हणालीच, पैसं चारलं की डॉक्टर काय पन बोलंल.

तेव्हा मी नथ काढून पाटीवर ठेवली. तार पुन्हा वाकवली होती, बरोबर तिने वाकवली होती तशी. माझ्या अजून लक्षात आहे ते वळण. म्हटलं, केसरबाई, डॉक्टर राहू दे. ही तुमची नथ. आम्हाला घातलीत तशीच घाला आणि आजच्या दिवसाच्या पाट्या धुवा. संध्याकाळी रक्त आलं नाही तर मी पापी, ही पण पापी.

तिने नथ उचलली. टोकावरून बोट फिरवलं. सगळा धक्का बघत होता. गुणाजी पाटील म्हणाले, "केसरबाय, घाल ना. तुझीच हाय."

तिने नथ खाली ठेवली.

एवढंच झालं. मग तुमच्याच शेजारची कोळीण, जी मला नाळेजवळ पाहून मागे सरकली होती, तिने पुढे येऊन ती नथ उचलली, स्वतःच्या बोटावर टोक दाबून पाहिलं, ती परत माझ्या हातात दिली आणि तुझ्या आईच्या पायाशी थुंकली. मी हे लिहिताना खोटं साळसूदपण आणत नाही. मला फार गोड वाटलं. अजून वाटतं.

गुणाजी पाटलांनी तिथेच सांगितलं की ठमीवरचा आळ खोटा, काडीमोड दिला ती पंचांची चूक, आणि पोर चंदर तांडेलाची. कोकिळेला उचलून त्यांनी तिच्या हातात नारळ दिला. तुझ्या तोंडून जे वाक्य मागितलं होतं ते तुझ्याविनाच मिळालं. तू ते बोलला असतास तर तुझी थोडी तरी राहिली असती. आता तुझ्या खलाशांच्या बायकाच नवऱ्यांना तुझ्या मचव्यावर पाठवायला कां कूं करतात, असं गोदू म्हणते. मी काही त्यांना शिकवलेलं नाही.

आता तुझ्या निरोपाचं उत्तर. नाही. रतनचंही नाही. ती शेजारीच बसली आहे आणि मी लिहीन ते वाचून दाखवायला लावते. ती माझ्या आईच्या घरात राहील, आम्ही दोघी मिळून मासळी सुकवतो आणि म्हसळ्याच्या बाजाराला नेतो. तिच्या नाकात डागल्याची बारीक खूण आहे, बाकी काही नाही. बाळंतपण झाल्यावर मी आरशाने उजेड पाडून पाहिलं, जागा साफ आहे.

होय, बाळंतपण झालं. तुला मुलगा झाला. बातमी शेवटी देते आहे, कारण तुला तीच सगळ्यात आधी हवी असणार. गुटगुटीत आहे, नाक तुझ्यावर गेलंय, त्याला आमचा इलाज नाही. मोठा होईल तेव्हा दोघा भावंडांना तुझं नाव खरं खरं सांगू आणि तू काय केलंस तेही खरं खरं सांगू. कोकिळेचं नाक मी टोचलेलं नाही. टोचणारही नाही.

काल बारसं झालं. पहिलं मूल पाळण्यात पडलं की नथ उतरवायची, ही तुमच्या घरची रीत, ती आम्ही आमच्या परीने पाळली. बारशाच्या दुपारी दोघी सोनाराकडे गेलो. या पत्राबरोबर गोदूच्या हातून नथ परत पाठवते आहे, आईला दे. मोती सगळे जागेवर आहेत. नाकात जाणारं तारेचं टोक मात्र कापून आम्ही ठेवून घेतलं आहे.

ठमी